पिल्लांची ओळख : खूण कशी करावी, कशी करू नये

परसात पाच-सहा कोंबड्या असल्या म्हणजे त्यांची ओळख पटविण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज भासत नाही. पिसांचा रंग, तुऱ्याचा आकार, चालण्याची ढब यांवरून घरातील लहान मूलही त्यांना ओळखते. पिल्लांचे तसे नसते. एकाच दिवशी अंड्यांतून बाहेर पडलेली वीस-पंचवीस पिल्ले एका डालग्याखाली आली की कोणते पिल्लू कोणत्या कोंबडीचे, कोणाला लस मिळाली आणि कोणाचे वजन मागे पडले, हे सांगणे अवघड होऊन बसते. म्हणून खूण करावी लागते. परंतु खूण करताना दोन गोष्टींचा विसर पडतो आणि बहुतेक अपघात त्यातूनच घडतात. पहिली, पिल्लू रोज वाढते. आज सैल असलेली रिंग दोन आठवड्यांनी फास बनू शकते. दुसरी, खूण आपण आपल्यासाठी केली तरी ती कळपालाही दिसते.

खुणेची गरज कोठे आहे

खूण करण्यापूर्वी ती किती काळ टिकावी लागणार आहे, हे ठरवावे. काही कामे तासाभराची असतात. पहिल्या आठवड्यात राणीखेत, म्हणजे मानमोडी रोगाची लस डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबाने दिली जाते. त्या वेळी लस दिलेले व न दिलेले पिल्लू यांत गोंधळ होऊ नये, एवढाच हेतू असतो. त्यासाठी अंगावर खूण करण्याची मुळीच आवश्यकता नाही. दोन खोकी घ्यावीत. लस दिलेले पिल्लू एका खोक्यातून दुसऱ्यात ठेवावे. वजन करतानाही हीच पद्धत सर्वांत सुरक्षित आहे.

काही कामांना तीन-चार आठवड्यांची ओळख पुरते. वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या पिल्लांच्या खेपा एकत्र वाढवायच्या असतील, किंवा कोणती पिल्ले अशक्त होती हे लक्षात ठेवायचे असेल, तर तात्पुरती खूण योग्य.

खरी कसोटी लागते ती आयुष्यभराच्या ओळखीची. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पण एकाच खुराड्यातील सर्व कोंबड्या सारख्या नसतात. अधिक अंडी देणारी, नियमाने खुडूक बसणारी, पिल्ले नीट सांभाळणारी कोंबडी कोणती हे पालकाला ठाऊक असते. तिच्या पोटच्या तलंगा कोणत्या, हे मात्र पुष्कळदा ठाऊक नसते. मग निवड नुसत्या रूपावरून होते. शिवाय एकच कोंबडा वर्षानुवर्षे परसात राहिला आणि वंशाची नोंद नसली, तर त्याचा संयोग त्याच्याच मुली-नातींशी होत राहतो. अशा जवळच्या संकराने अंडी उबण्याचे प्रमाण घटते आणि पिल्ले दुबळी निपजतात. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या जातीच्या पिल्लांना चांगला भाव येतो. मात्र कडकनाथाच्या संकरातून निघालेली पिल्लेही पुष्कळदा काळ्या कातडीची असतात. रंग पाहून शुद्धतेची खात्री देता येत नाही; ती आई-बापांच्या नोंदीवरूनच द्यावी लागते.

सुरुवात अंड्यापासून

पिल्लाची ओळख ते फुटून बाहेर येण्यापूर्वीच पक्की करावी लागते. अंडे गोळा केल्याबरोबर त्याच्या रुंद टोकाकडे शिसपेन्सिलीने कोंबडीची खूण व तारीख लिहावी. कवच सच्छिद्र असते. शाई किंवा मार्करमधील द्रव आत झिरपू शकतो, म्हणून पेन्सिलच वापरावी. कोणते अंडे कोणाचे हे कळत नसेल, तर निवडलेल्या कोंबडीला काही दिवस सकाळी वेगळ्या खुराड्यात ठेवून तिचे अंडे मिळाल्यावर बाहेर सोडावे. कोंबडी आत गेली की दार आपोआप पडते, अशी घरटीही संशोधन केंद्रांत याच कारणासाठी वापरतात.

अंडी २१ व्या दिवशी फुटतात. यंत्रात उबवत असल्यास १८ व्या दिवशी, अंडी फिरविणे थांबविल्यावर, प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या कप्प्यात किंवा झाकण असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या टोपलीत ठेवावीत. पिल्ले फुटली तरी आपापल्या कप्प्यातच राहतात. ती पूर्ण वाळल्यावर, एक कप्पा रिकामा करून त्यातील पिल्लांना खूण झाल्यावरच दुसरा कप्पा उघडावा. खुडूक कोंबडीखाली उबवणी होत असेल, तर एका कोंबडीखाली शक्यतो एकाच मादीची अंडी ठेवावीत. अनेकींची अंडी एकत्र बसविली, तर पुढे कितीही चांगली रिंग घातली तरी वंशाची ओळख परत मिळत नाही.

निसर्गाने दिलेल्या खुणा

कळप लहान आणि मिश्र रंगाचा असेल, तर प्रथम नैसर्गिक खुणा पाहाव्यात. देशी पिल्लांच्या पाठीवर गडद-फिकट पट्टे असतात. त्यांची रुंदी, डोक्यावरील ठिपक्याचा आकार, पायांचा रंग आणि तुऱ्याची घडण यांत फरक आढळतो. मानेवर पिसे नसलेल्या वाणाचे पिल्लू तर पहिल्याच दिवशी वेगळे दिसते. काही जातींत या खुणांवरून नर-मादीही ओळखता येतात. पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीत नर पिल्लाच्या डोक्यावरील फिकट ठिपका मादीपेक्षा मोठा व पसरट असतो. याच आनुवंशिक गुणाचा उपयोग करून केंब्रिजमधील शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांनी जन्मतःच नर-मादी ओळखू येणाऱ्या जाती तयार केल्या.

मोबाईलवर प्रत्येक पिल्लाचे वरून आणि बाजूने छायाचित्र काढून ठेवणे हा बिनधोक उपाय आहे. त्याची मर्यादा इतकीच, की पहिल्या चार ते सहा आठवड्यांत पिल्लाची लव गळून पिसे येतात आणि रूप पालटते. म्हणून छायाचित्र दर आठवड्याला नव्याने घ्यावे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजासारख्या बहुरंगी वाणात हा उपाय बऱ्यापैकी चालतो. एकरंगी पिल्लांत चालत नाही.

रंगाची खूण

पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी रंगाचा ठिपका सर्वांत सोपा. त्यासाठी खाण्याचा रंग थोड्या पाण्यात दाट कालवून कापसाच्या बोळ्याने किंवा मऊ कुंचल्याने दोन पंखांच्या मध्ये पाठीवर बोराएवढा ठिपका द्यावा. डोळे, नाकपुड्या, चोच आणि गुदद्वाराजवळचा भाग टाळावा. निळा व हिरवा रंग उठून दिसतो. तांबडा रंग वापरू नये. तो रक्तासारखा दिसतो आणि इतर पिल्लांना टोचण्यास प्रवृत्त करतो. पिवळ्या पिल्लावर हळदीचा किंवा पिवळ्या रंगाचा उपयोग नाही, तसेच काळ्या पिल्लावर कोणताच रंग दिसत नाही.

येथे थंडीचा धोका ध्यानात ठेवावा. नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते आणि पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते. लव भिजली की अंगातील उष्णता झपाट्याने निघून जाते. पावसाळ्यातील दमट हवेत ती लवकर वाळतही नाही. म्हणून रंग लावावा तो पूर्ण वाळलेल्या पिल्लाला, दिव्याच्या उबेजवळ, आणि ठिपक्यापुरताच. ठिपका आठ-दहा दिवसांत फिका पडतो. तो पुन्हा द्यावा लागतो.

काळ्या पिल्लांसाठी एक-दोन नखांवर नखरंगाचा पातळ थर देता येतो. त्याची वाफ पक्ष्यांच्या श्वसनाला त्रासदायक असते. म्हणून हे काम खुराड्याबाहेर, मोकळ्या हवेत करावे आणि नखे कोरडी झाल्यावरच पिल्लू आत सोडावे. नखरंग कातडीला लावू नये. तैलरंग, केसांचा कलप, रंगपंचमीचे रंग आणि उग्र वासाचे पक्के मार्कर पूर्णपणे वर्ज्य. जखमेवर लावले जाणारे जांभळे जेन्शन व्हायोलेटही खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांवर वापरू नये.

जत्रांत व आठवडी बाजारांत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकली जातात. ती ओळखीसाठी नव्हे, तर मुलांना भुलविण्यासाठी रंगात बुडविलेली असतात. भिजणे, गारठणे आणि हाताळणी यांमुळे त्यांतील अनेक पिल्ले दगावतात. त्याचे अनुकरण घरी कोणी करू नये. प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अपराध आहे.

कळपाची नजर

कोंबड्या एकमेकींना ओळखतात, ही गोष्ट नॉर्वेतील थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिली. कोणी कोणाला टोचायचे याची कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यांचेच निरीक्षण. ही ओळख बऱ्याच अंशी डोके व तुरा यांच्या रूपावर अवलंबून असते. मग माणसाने ते रूप बदलले तर काय होते? २००८ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पक्ष्यांच्या डोक्याच्या मागील बाजूस काळी खूण करण्यात आली होती. ज्या गटांत काहींनाच खूण होती, तेथे खूण असलेल्या पक्ष्यांना अधिक मार खावा लागला आणि त्यांचे वजन बिनखुणेच्या सोबत्यांपेक्षा कमी भरले.

पालकाने यातून घ्यायचा नियम सोपा आहे. एकट्या-दुकट्या पिल्लाला खूण करू नये. करायची तर सर्वांना, एकाच वेळी, एकाच जागी करावी आणि भेद फक्त रंगाने दाखवावा. डोक्यावर खूण करू नये. खूण झाल्यावर पहिला तास कळपाजवळ थांबावे. कोणी एखाद्याच्या ठिपक्यावर किंवा रिंगेवर सतत चोच मारीत असेल, तर त्या पिल्लाला जाळीच्या आडोशाला ठेवावे. सोबती दिसत राहतील, पण पोहोचू शकणार नाहीत. आजारी पिल्लू खुणेने ओळखीचे करून कळपातच ठेवणे दोन्ही अर्थांनी चूक. त्याला वेगळे ठेवावे व बरे झाल्यावर रात्रीच्या अंधारात परत सोडावे.

पायातील रिंग

घरगुती पालनात रिंग हे सर्वांत उपयोगी साधन आहे. प्लास्टिकची गुंडाळी-रिंग अनेक रंगांत व आकारांत मिळते. ती किल्लीच्या कडीप्रमाणे उलगडून पायाच्या नळीवर चढविता येते. ती योग्य मापाची आहे की नाही याची परीक्षा अशी : रिंग पायाभोवती मोकळी फिरावी आणि नळीवर वर-खाली सरकावी, मात्र वरच्या सांध्यावर चढू नये आणि खाली बोटांवरून निसटू नये. पिल्लाच्या रिंगा अगदी लहान असतात, तर पूर्ण वाढीच्या कोंबडीला साधारण १२ ते १६ मिलिमीटर आतील व्यासाची रिंग लागते. म्हणजे एका पिल्लाला मोठे होईपर्यंत तीन-चार वेळा रिंग बदलावी लागणार, हे गृहीतच धरावे.

पहिल्या दोन महिन्यांत दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक रिंग बोटाने फिरवून पाहावी. फिरली नाही तर त्याच दिवशी बदलावी. नुसते पाहून भागत नाही. चिखल व विष्ठा साचून रिंग घट्ट झालेली वरून कळत नाही, पावसाळ्यात तर विशेषच.

रंग व पाय यांचा मेळ घातला तर थोड्या रंगांत पुष्कळ ओळखी बसतात. निळा, पिवळा, पांढरा, हिरवा असे चार रंग घेतले आणि रिंग फक्त डाव्या पायात, फक्त उजव्या पायात किंवा दोन्ही पायांत घातली, तर अनुक्रमे ४, ४ आणि १६ अशा एकूण २४ ओळखी मिळतात. डावा-उजवा नेहमी पक्ष्याच्या अंगाने मोजावा, पाहणाऱ्याच्या अंगाने नव्हे.

वायर बांधण्याचे प्लास्टिक टाय स्वस्त म्हणून सर्रास वापरले जातात. ते ताणत नाहीत आणि एकदा ओढले की सैल होत नाहीत. वाढ पूर्ण झालेल्या पक्ष्यालाच ते लावावेत आणि शेपूट कापताना टोचणारे टोक उरू देऊ नये. रबरबँड, शिवणाचा दोरा आणि तार पिल्लाच्या पायात कधीही घालू नये. यांचा फास कातडीत रुततो, बोटे सुजतात, गार व काळी पडतात आणि पाय गमवावा लागतो. असा फास आढळल्यास पिल्लू फडक्यात गुंडाळून, बोथट टोकाच्या लहान कात्रीने तो कापावा. कातडीत रुतला असल्यास स्वतः ओढाताण न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.

बोटांमधील पडद्याला छिद्र

कोंबडीच्या पुढील तीन बोटांमध्ये दोन पातळ पडदे असतात. दोन पायांचे मिळून चार. फुटल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत लहान पंचने या पडद्याला बारीक छिद्र पाडण्याची रीत जुनी आहे. चार पडद्यांपैकी कोणत्याला छिद्र आहे आणि कोणत्याला नाही, यावरून १६ प्रकार होतात. ते वाचण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक पडद्याला एक अंक देणे : डावा बाहेरचा १, डावा आतला २, उजवा आतला ४, उजवा बाहेरचा ८. छिद्रांच्या अंकांची बेरीज म्हणजे खुणेचा क्रमांक. डावा आतला व उजवा बाहेरचा छिद्रित असेल, तर क्रमांक १०. कोठेच छिद्र नसेल, तर शून्य.

ही खूण आयुष्यभर टिकते, हरवत नाही आणि कळपाच्या नजरेत फारशी येत नाही. परंतु ती वेदनादायक आहे, हे लपविण्याचे कारण नाही. म्हणून वंशनोंदीची खरीच गरज असेल तेव्हाच, अनुभवी हाताने, निर्जंतुक व धारदार साधनाने ती करावी. थेंबभर रक्त आल्यास स्वच्छ कापसाने दाबून धरावे आणि पूर्ण थांबल्याशिवाय पिल्लू कळपात सोडू नये. खालचे तूस किंवा भुसा कोरडा असावा. छिद्र अर्धवट पडले तर ते बुजून जाते, यासाठी काही दिवसांनी तपासावे. बोटाचे टोक छाटून खूण करण्याचा प्रकार मात्र सर्वथा निषिद्ध मानावा.

पंखातील बिल्ला

संशोधन केंद्रांत आणि पैदास करणाऱ्या कुक्कुटशाळांत क्रमांक कोरलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला पंखात अडकवितात. त्याला विंगबँड म्हणतात. खांदा व पंखाचा पुढचा सांधा यांच्यामध्ये जो त्रिकोणी पातळ पडदा असतो, त्यातून तो ओवला जातो. क्रमांक स्वतंत्र असल्याने शेकडो पक्ष्यांची अचूक नोंद ठेवता येते. मात्र पडद्याच्या कडेचा स्नायुबंध, स्नायू व रक्तवाहिनी टाळूनच तो बसवावा लागतो. पिल्लू लहान असताना पंखाचे टोक बिल्ल्यात अडकून पंख वाकडा होण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासणी हवी. हे काम पशुवैद्यक किंवा प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकल्याशिवाय करू नये.

देवी रोगाची लस याच पडद्यात टोचून दिली जाते आणि सात ते दहा दिवसांनी तेथे लहान गाठ आली का, हे पाहून लस लागू पडल्याची खात्री करतात. त्यामुळे एका पंखात बिल्ला असेल, तर लस दुसऱ्या पंखात द्यावी.

खूण आणि वही

रिंग म्हणजे केवळ एक रंग; तिला अर्थ येतो तो वहीतील ओळीमुळे. प्रत्येक पिल्लासाठी खुणेचा प्रकार, फुटल्याची तारीख, आई व बाप, लसींच्या तारखा, ठरावीक काळाने वजन आणि शेवटी विक्री, मृत्यू किंवा हरवल्याची नोंद, एवढे रकाने पुरेत. रिंग बदलली की त्याच क्षणी वहीत लिहावे. रिंग गळून पडलेले पिल्लू दिसल्यास अंदाजाने जुना क्रमांक देऊ नये. ‘ओळख अज्ञात’ अशी नवी ओळ उघडावी. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक, कारण तिच्यावर विसंबून पुढची पैदास ठरते. मेलेल्या पक्ष्याचा रंग-क्रमांक त्याच वर्षी दुसऱ्याला देऊ नये.

रोगाच्या साथीतही ही वही उपयोगी पडते. २००६ साली महाराष्ट्रातील नवापूर येथे देशातील पक्ष्यांमधील बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून पक्षी कोठून आले आणि कोठे गेले, हा प्रश्न लहान पालकालाही टाळता येत नाही. बाजारातून आणलेल्या प्रत्येक खेपेला वेगळा रंग दिला, तर उत्तर तत्काळ सापडते.

वयाप्रमाणे क्रम

वीस-पंचवीस पिल्लांच्या घरगुती कळपासाठी पुढील क्रम सुटसुटीत ठरतो. अंड्यावर पेन्सिलीची खूण. उबवणीत वेगळे कप्पे. पहिल्या दिवशी पिल्लू वाळल्यावर सर्वांच्या पाठीवर कुटुंबानुसार रंगाचा ठिपका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, ठिपका मिटण्यापूर्वी, लहान गुंडाळी-रिंग. वाढीनुसार मोठी रिंग. आणि पूर्ण वाढ झाल्यावर कायमची क्रमांकित रिंग. एका खुणेवरून दुसरीवर जाताना दोन्ही काही दिवस एकत्र असाव्यात, म्हणजे ओळखीचा धागा तुटत नाही.

पिल्लू धरताना तळहातात घेऊन बोटांनी हलकेच वेढावे. छाती दाबू नये, कारण पक्षी छातीच्या हालचालीनेच श्वास घेतो. काम सकाळी, उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी उरकावे. लहान पिल्लांपासून सुरुवात करून मोठ्यांकडे जावे आणि शेवटी साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. छिद्र किंवा बिल्ला यांचा विचार असेल, तर आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रात्यक्षिक पाहावे.